छावणीत आलेली फार्गो

परवा गेवराईच्या रस्त्याला एक ट्रॅक्टर माझ्या पुढं चालला होता. ट्रॉलीत हिरवा ऊस, शेंड्याची पानं खाली लोंबून डांबराला घासत होती. चैत्र सरत आलेला, दोन्ही अंगांची रानं उघडी पडलेली, आणि मध्येच तो ओला, गोडसर वास. हा ऊस कारखान्याला नाही, जनावरांना चाललाय, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. कारखान्याचा ऊस थंडीत जातो. भर उन्हाळ्यात उसाची ट्रॉली दिसली की समजायचं, कुठंतरी छावणी पडली.

मी गाडी बाजूला घेऊन थांबले. वास्तविक काळजी वाटायला हवी होती. विहिरीत किती पाणी उरलंय, माझ्या अंगणवाडीतली पोरं घरून पाण्याचा तांब्या आणायला लागतील का, असले विचार यायला हवे होते. पण डोळ्यांपुढं उभी राहिली ती एक लांबलचक, फिकट निळी मोटार, आणि तिच्या चकचकीत पुढच्या पट्टीत स्वतःचा चेहरा बघून पदर सारखा करणारी गयाबाई. मला हसू आलं. रस्त्यावर एकटीच हसत उभी राहिले. त्या उन्हाळ्याचं काहीही आठवलं की असंच होतं. कोणत्या आठवणीला हसायचं आणि कोणत्या आठवणीनं गप्प व्हायचं, हे मला आजवर नीट लावता आलेलं नाही.

त्या वर्षी आमची छावणी कारखान्याच्या जागेवर होती. उसाचं कांडंच नव्हतं, म्हणून कारखाना बंद. धुराडं नुसतं उभं. मागच्या माळावर बांबू रोवून, वर हिरव्या जाळ्या आणि जुन्या साड्या बांधून जनावरांना सावली केलेली. आमचे दोन बैल आणि एक गाय. माझे यजमान नगरला गोदामात कामाला गेले होते, मुलं माझ्या आईकडं, आणि छावणीत मी आणि मामा. मामा म्हणजे माझे सासरे, गेनबा. अंगानं वाळकेच, बोलायला त्याहून वाळके. सासूबाई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

लोक विचारतात, कसे दिवस काढले असतील तुम्ही तिथं. खरं सांगू का, काही दिवस लई बरे होते. कुणाला सांगितलं नाही कधी. स्वयंपाक तीन दगडांवर, तोही दोन माणसांचा. रानात काम नाही, कारण रानात काहीच नाही. सकाळी शेण काढलं, चारा टाकला, की दुपारभर बायका बायका बोलत बसायचं. लग्नानंतर इतकी निवांत मी कधी बसले नव्हते. शेजारच्या दावणीला गयाबाईची म्हैस होती. गयाबाई मामांच्या वयाची, धनगराच्या घरातली, जिभेला हाड नसलेली. तिच्या बोलण्यावर हसून हसून आमच्या पोटात दुखायचं, आणि समोर बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं. दुष्काळात माणसानं सुखी असावं का, असू नये, हे कुणाला विचारायचं?

आणि अशातच एक दिवस छावणीच्या भोंग्यावरून सांगण्यात आलं, की येत्या रविवारी कारखान्याच्या यार्डात जुन्या, दुर्मिळ अमेरिकन मोटारींचं आणि ट्रकचं प्रदर्शन आहे. छावणीतल्या लोकांनी बघायला यावं.

आम्हाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"कावून?" गयाबाईनं भोंग्यालाच विचारलं. "मोटारी बघून म्हशी दूध देतेत काय?"

कारण नंतर कळलं. चेअरमनसाहेबांचा मुलगा अभयदादा, त्याला जुन्या गाड्यांचा भारी नाद. हैदराबादकडून, पुण्याकडून त्याच्यासारखेच नादी लोक गाड्या घेऊन संभाजीनगरला एका मेळ्याला निघाले होते. वाटेत एक दिवस इथं थांबा, म्हणून त्यानं त्यांना बोलावलं. ऊस तोलायच्या काट्यापुढचं यार्ड रिकामंच पडलेलं. ऊस असता तर तिथं बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग लागली असती. तिथं आता फक्की मारून चौकोन आखले गेले. अभयदादा मनानं वाईट नव्हता. लोकांना दोन घटका विरंगुळा व्हावा, असंच त्याच्या मनात असणार. मी अजून असंच धरून चालते.

रविवारी सकाळी गाड्या आल्या. काही स्वतः चालत, काही मोठ्या ट्रकच्या पाठीवर बसून, नवरदेवासारख्या.

मला त्यांचा आकार आधी दिसलाच नाही. आधी दिसले रंग. तुम्ही चार महिने फक्त मातीचा, शेणाचा आणि फटफटीत आभाळाचा रंग बघितला असेल तरच हे कळेल. एक गाडी कोवळ्या हरभऱ्यासारखी पोपटी होती. एक पिकल्या मिरचीसारखी लाल. एक फिकट निळी, जिचं नाव इम्पाला, ती तर इतकी लांब की गयाबाई म्हणाली, "हिच्यात दोन खोल्या अन् ओसरी निघंल." मागं माशासारखे पर. चाकांना पांढऱ्या कडा. समोर दात विचकल्यासारखी निकलची जाळी. एका प्लायमाऊथच्या नाकावर जहाज बसवलेलं. जहाज! आमच्या मुलखात, जिथं होडीसुद्धा चित्रातच बघायची.

बायाबापड्या आधी दोरीच्या बाहेर उभ्या राहिल्या. मग कुणीतरी वाकून आत बघितलं, कुणी गादी दाबली, आणि बघता बघता यार्डाला जनावरांच्या बाजाराची कळा आली. पुरुषमंडळी बैल पारखावा तशा गाड्या पारखायला लागली. पुढून, मागून, बाजूनं, खुराकडं म्हणजे चाकांकडं वाकून.

"छाती रुंद हाय."

"पण खाईल लई."

"अमेरिकेत काय, दुष्काळ नसंल."

"असतो की बे. माती तिथं पण मातीच हाय."

हैदराबादची एक पाहुणी, डोक्यावर गोल टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. पोपटी गाडी तिच्या आजोबांची. गयाबाईनं तिला थेट विचारलं, "बाई, ही गाडी चालवता कमी अन् पुसता जास्त. असं का?" तिला मराठी येत नव्हतं, पण दखनी आमच्या कानाला परकी नाही. ती हसून म्हणाली, "अम्मा, शौक है." गयाबाईनं मान हलवली. "शौक असला मंजे बरंय. आमची म्हैस पण शौकच हाय आता. दूध कुठं देती?" दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. त्या हसण्यात टोचणी होती का निव्वळ गंमत, मी नीट बघत होते तरी मला कळलं नाही.

मी स्वतः त्या निळ्या गाडीपाशी किती वेळ उभी होते, आठवत नाही. तिच्या दारात आभाळ दिसत होतं. खरं आभाळ पांढुरकं, दारातलं आभाळ निळं. मला ते दारातलं आवडलं. आणि लगेच स्वतःचा रागही आला, की मागं बैल धापा टाकतायत आणि तू इथं काय बघतेस?

मामा सकाळपासून दावणीपाशीच बसून होते. "मोटारीत काय बघायचं? मोटार का शेपूट हलवती?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. दुपार कलल्यावर मी त्यांची भाकरी घेऊन गेले, तर दावणीपाशी मामा नाहीत. शोधत यार्डात आले.

यार्डाच्या टोकाला ट्रक उभे होते. एक स्टुडबेकर, सायीसारखा पांढरा, आणि त्याच्या शेजारी एक गर्द हिरवी फार्गो. गोल नाकाची, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. पुढं पाटी होती, ‘दुर्मिळ अमेरिकन ट्रक’. मामा तिच्याभोवती फेऱ्या मारत होते. फळीवर हात ठेवत होते, काढत होते. मग माझ्या देखत त्यांनी धोतराचा सोगा खोचला, मागच्या चाकावर पाय दिला, आणि चढून हौद्यात जाऊन बसले.

राखणीचा माणूस धावत आला. "ओ बाबा, उतरा खाली. हात लावायचा न्हाई म्हणून पाटी हाय, दिसली न्हाई का?"

"मी काय पाटी बघायला आलोय? गाडी बघायला आलोय."

"मग खालून बघा की."

"खालून बघितली. आता वरून बघतोय."

माणसं गोळा झाली. छावणीचा कारभार बघणारा माणूस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सूनबाई, म्हाताऱ्याला आवरा. दादांचे पाहुणे आलेत. उद्या तुमचा चारा बंद झाला तर माझ्याकडं यायचं न्हाई." तीन जनावरं घेऊन कुठं जाणार होते मी? पुढची छावणी दोन दिवसांच्या वाटेवर, आणि आमची गाय उठताना आधार मागत होती.

"मामा, उतरा हो," मी म्हणाले. "तुमच्या पाया पडते."

ते माझ्याकडं बघून म्हणाले, "सुमन, ही तीच हाय."

मग अभयदादा आला. पांढरा शुभ्र सदरा, कपाळावर घाम. रागावला नव्हता. उलट हात जोडून म्हणाला, "मामा, काय पाहिजे तुम्हाला?"

मामा विचारात पडले. सगळं यार्ड त्यांच्या उत्तराची वाट बघत होतं.

"ते अजून ठरलं न्हाई," ते म्हणाले. "ठरंस्तोर बसतो."

लोक हसले. मामा हसले नाहीत. "ही कारखान्याची गाडी हाय. कारखाना सभासदांचा हाय. मी सभासद हाय. मग मी बसलो तर कुणाचं काय गेलं?"

"मामा, ही कधीच भंगारात गेलती. मला नगरला सापडली, पत्र्याचा नुसता सांगाडा होता. मी घेतली, वर्षभर खपून नीट केली. अन् त्याच्या आधी ती सभेनं ठराव करून इकली होती."

"कुठल्या सभेनं?"

"आपल्याच. सभासदांच्या."

"मला कुणी इचारलं न्हाई," मामा म्हणाले.

अभयदादानं कपाळावरचा घाम बाहीला पुसला. मला त्याचीही कीव आली. त्या घडीला मी कुणाच्या बाजूनं होते? मामांच्या म्हणावं तर चाऱ्याची भीती होती. अभयदादाच्या म्हणावं तर मामांच्या तोंडावरचं ते काहीतरी, जे मी कधी पाहिलं नव्हतं, तेही डोळ्यांआड करता येईना.

मग मामा बोलायला लागले. अभयदादाशी नव्हे, माझ्याशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. बहात्तरच्या दुष्काळात कारखान्याची इथं नुसती पाटी होती. पायासाठी दगड वाहायला कारखान्याच्या सहकारी संस्थेनं ही गाडी जुनीच घेतली. गावोगावची पोरं हौद्यात उभी राहून दगड आणायची, त्यात मामाही होते. त्याच उन्हाळ्यात त्यांचं लग्न ठरलं, लिंबागणेशला. बैलांच्या अंगात एवढी वाट ओढायचं बळ उरलेलं नव्हतं. म्हणून संस्थेनं वऱ्हाडाला ही गाडी दिली.

"तुझी सासू हिच्यातच बसून आली. अशी, इथं कोपऱ्यात."

मी चमकले. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, लग्नाची गोष्ट मला कितीदा सांगायच्या. "मी गाडीत बसून आले, मांजरसुंब्याला काचेच्या पेल्यात च्या पिले, अन् रस्ताभर घागरमाळा वाजत होत्या." इतकी वर्षं मी बैलगाडी बघत आले होते. बैलांची शिंगं रंगवलेली, चाकांची कुरकुर, सगळं. त्यांनी गाडी म्हटलं, बैल मी जुंपले होते.

"अन् घागरमाळा?" मी विचारलं.

"बैलं घरी ऱ्हायली, म्हणून माळा गाडीच्या नाकाला बांधल्या. वऱ्हाड वाजल्याबिगर कसं येणार?"

कुणी हसलं नाही. हे खरं असेल का, की त्या फळीवर बसल्यावर त्यांना तसं वाटलं असेल, मला अजूनही सांगता येत नाही. विचारायला आत्या नव्हत्या.

"मामा," अभयदादा हळू आवाजात म्हणाला, "एक चक्कर मारू का?"

मामांनी मान डोलावली. मग गयाबाई चढली. मग आणखी चार-पाच जणी. गयाबाईनं माझा हात धरून मलाही ओढलं. अभयदादा स्वतः चालवायला बसला. गाडी आधी खोकली, मग तिनं असा आवाज काढला की फळ्यांतून तो आमच्या पायांत चढला. यार्डाच्या फाटकातून बाहेर पडून आम्ही छावणीच्या रस्त्याला लागलो. जनावरं दावी ताणून उभी राहिली, पोरं मागं पळायला लागली, बायका हौद्यातून ओरडून आपापल्या माणसांना हाका मारत होत्या. मामा टपाला धरून ताठ उभे. मी त्यांना तसं उभं राहिलेलं त्याआधी बघितलं नव्हतं. वारा तोंडावर येत होता. गरमच होता, पण वारा होता.

पाण्याच्या हौदापाशी गाडीच्या नाकातून वाफ यायला लागली आणि ती उभी राहिली.

अभयदादाचा मिस्त्री मागून धावत आला. त्यानं झाकण बघितलं आणि सवयीनं ओरडला, "पाणी आणा रे, दोन बादल्या!"

कुणी हललं नाही. त्या दिवशी टँकर आलेला नव्हता. हौदाच्या तळाशी जे होतं ते संध्याकाळचं, जनावरांचं. मिस्त्री बाहेरचा, त्याला काय ठाऊक. अभयदादाला ठाऊक होतं. तो खाली मान घालून उभा राहिला. सगळे मामांकडं बघायला लागले, कारण गाडी त्यांच्यापायीच तिथवर आलेली. मी पण बघत होते. आणि खरं सांगते, द्यावं पाणी, असंही मला क्षणभर वाटलं. इतकी सुंदर गोष्ट अशी धापा टाकत उभी राहिलेली बघवत नव्हती.

मामा हौद्यातून खाली उतरले. गाडीच्या तापलेल्या नाकावर त्यांनी तळहात ठेवला आणि चटका बसला तरी लगेच काढला नाही.

"पाणी न्हाई मिळणार," ते म्हणाले. "निवू द्या तिला. ढकलत नेऊ."

आणि आम्ही ती ढकलली. सगळी छावणीच लागली म्हणा ना. पुरुष मागं, बायका दोन्ही बाजूंना, शेणाचे हात तसेच गाडीच्या हिरव्या रंगाला लावून. अभयदादानंही खांदा दिला, पांढऱ्या सदऱ्याची माती झाली. मिस्त्री एकटाच आत बसून चाक धरून होता आणि त्याची त्याला लाज वाटत असावी. "हां, एकदम!" मामा ओरडायचे, आणि गाडी हात हात पुढं सरकायची. यार्डाच्या फाटकात पाहुणे फोटो काढत उभे होते. टोपीवाली बाई तर कॅमेरा खाली ठेवून येऊन आमच्यात मिसळली. लोक हसत होते, दमत होते, पुन्हा हसत होते. मी ढकलता ढकलता विचार करत होते, आपण आपली गाडी परत आणतोय, की दुसऱ्याची दुसऱ्याला नेऊन देतोय?

दुसऱ्या दिवशी गाड्या गेल्या. फार्गोला दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर चढवून नेलं. तिच्या अंगावरचे आमच्या हातांचे डाग आदल्या संध्याकाळीच कुणीतरी पुसले होते. आमचा चारा कुणी बंद केला नाही. अभयदादानं उलट हौदासाठी दोन टँकर जादा पाठवले. गयाबाई म्हणाली, "बघ, म्हाताऱ्यानं गाडीत बसून पाणी आणलं." कारभारी म्हणाला, "दादांचं मन मोठं." दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं.

मामा मात्र त्यानंतर बेचैन झाले. जनावरांना चारा टाकताना मध्येच थांबायचे. एकदा म्हणाले, "सुमन, एखादी वस्तू सगळ्यांची असली, अन् ती गेली, तर ती कुणाची गेली?" मी म्हणाले, "सगळ्यांची." ते म्हणाले, "मग कुणीच कसं रडलं न्हाई?"

पाऊस झाला, छावणी उठली, आम्ही उमापूरजवळच्या आमच्या वस्तीवर परत आलो. गाय वाचली. भादव्यात कारखान्याची वार्षिक सभा होती. मामा सभेला कधीतरी, जेवण चांगलं असतं म्हणून जायचे. त्या वर्षी मात्र पहाटेच आंघोळ करून तयार. मला म्हणाले, "तू चल. मला बोलायचंय, मधी इसरलो तर आठवण कर."

मंडप भरलेला. मी कडेला बायकांत बसले, सभासद नव्हते तरी कुणी उठवलं नाही. अध्यक्षांचं भाषण झाल्यावर मामा उठले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"ती हिरवी फार्गो," ते म्हणाले. "ती आमाला न इचारता कशी इकली?"

मंडपात कुजबुज झाली. चेअरमनसाहेब वयस्कर, शांत माणूस. त्यांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला आणि अगदी आपुलकीनं म्हणाले, "गेनबा, तो ठराव याच मंडपात झाला. सर्वानुमते. सर्वानुमते मंजे तुमचा पण हात होता. तुमी होते त्या सभेला, माझ्या ध्यानात हाय. पुढच्याच रांगेत बसलते."

कुणीतरी हसलं. मामा उभेच होते. त्यांचं तोंड उघडं होतं, आणि ते आठवू बघत होते, हे मला लांबूनही दिसत होतं. मग ते हळूच खाली बसले.

सभा पुढं सरकली. पुढचा ठराव वाचायला कुणीतरी उठलं. ध्वनिक्षेपक घरघरत होता, कशाबद्दलचा ठराव होता ते बायकांच्या बाजूला नीट ऐकूच आलं नाही. शेवटचा शब्द तेवढा आला, "मंजूर?"

"मंजूर, मंजूर," म्हणत मंडपभर हात वर गेले.

मामांचाही हात उठला. कानापर्यंत आला आणि तिथं थांबला. वर जाईना, खाली येईना. ते त्या हाताकडं बघत होते, शेजारच्या कुणाचा तरी असावा तसं. व्यासपीठावरून "एकमतानं मंजूर" असं ऐकू आलं, टाळ्या झाल्या, बाकीचे हात खाली आले, आणि मामा अजून तसेच बसलेले होते.